सुट्टीच्या दिवशी खोकला थांबतो का?

फरशी पुसून झाली की फिनेलचा उग्र वास घरभर पसरतो आणि आपल्याला बरे वाटते. घर स्वच्छ झाल्याची ती जणू पावतीच! पण हा वास रोज कुणाच्या छातीत उतरतो, याचा विचार आपण कधी केला आहे का?

नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. युरोपातील सहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांच्या फुप्फुसांची वीस वर्षांच्या काळात तपासणी झाली होती. वयानुसार फुप्फुसांची ताकद सर्वांचीच घटते. पण साफसफाई हाच व्यवसाय असलेल्या स्त्रियांमध्ये, एका सेकंदात जोराने सोडता येणारी हवा दरवर्षी ३.९ मिलिलिटरने जास्त घटत होती. घरची सफाई करणाऱ्या स्त्रियांतही ही जादा घट ३.६ मिलिलिटर होती. आकडा चिमूटभर, पण वीस वर्षांची बेरीज लहान नाही.

आपल्याकडची कामवाली बाई दिवसाला चार-पाच घरे करते. प्रत्येक घरचा थोडा थोडा वास तिच्या एकटीच्या वाट्याला येतो. त्यात कोंदट संडासात, डाग लवकर निघावेत म्हणून, ब्लीचिंग पावडरवर अ‍ॅसिड ओतले की क्लोरीन वायू निघतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रच्या रणभूमीवर जर्मनांनी सैनिकांवर सोडला, तोच हा वायू!

कामामुळे दमा जडल्याची शंका आली की डॉक्टर एक साधा प्रश्न विचारतात, ‘सुट्टीच्या दिवशी त्रास कमी होतो का?’ होत असेल, तर दोष कामाच्या जागी शोधायचा. पण जिला रविवारचीही सुट्टी नाही, तिने काय उत्तर द्यावे? मग ‘हवा बदलली’ म्हणत खोकल्याच्या बाटल्या संपत राहतात.

घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ नेमण्याचा कायदा महाराष्ट्राने २००८ साली केला. पण आपल्या न्हाणीघराची खिडकी उघडायला कायदा येणार नाही. ती आपणच उघडायची. दोन द्रव्ये कधीही एकत्र करायची नाहीत. फवारा हवेत न मारता फडक्यावर मारायचा. रोजच्या फरशीला साबणाचे पाणी पुरते. आणि आठवड्यातून एक दिवस बाईला भरपगारी सुट्टी द्यायची. त्या दिवशी तिची धाप कमी झाली, तर डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर मिळेल, आणि आपल्यालाही.