माह्या सहीवर गाडी जाते

आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. चांदूर बाजारशी घोटाळा होऊ नये म्हणून हे शेपूट जोडलेले. पण मुंबई-हावडा मार्गावरच्या या गावाला ते शोभते खरे.

माझे शेजारी मालगाडी चालवतात. 'लोको पायलट' हा त्यांचा हुद्दा. आमची आई मात्र त्यांना अजून डायव्हरच म्हणते. मागे आजारपणामुळे ते चार महिने घरी होते. परतल्यावर, वीस वर्षांच्या ओळखीच्या रुळांवर त्यांना आधी दुसऱ्याच्या इंजिनात बसून एक फेरी करावी लागली! नियमच तसा आहे. खंड ३ महिन्यांहून अधिक असेल तर १ फेरी, ६ महिन्यांहून अधिक असेल तर २, आणि २ वर्षांपलीकडे ३. नवख्याला किमान ३, त्यांतली एक रात्रीची. भुसावळच्या प्रशिक्षण केंद्रात कितीही पाठ गिरवलेले असोत! शेवटी 'हा रस्ता मला माहीत झाला' असे सही करून द्यायचे.

"एवढ्या अनुभवानंतर हे कमीपणाचे वाटत नाही?" मी विचारले.

"कमीपना कायचा, सर? दिवसाचा रस्ता येगळा, रातचा येगळा. अन् सही माही असते. माह्या सहीवर गाडी जाते!"

इंजिनात दोघेही प्रत्येक सिग्नल मोठ्याने उच्चारतात. जपानी रेल्वेत तर त्याकडे बोटही दाखवतात. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या १९९४ च्या प्रयोगात बोट दाखवून उच्चारल्याने शंभरामागे २.३८ चुकांच्या ०.३८ झाल्या. शिकलेले रोज वापरात राहते, ते असे.

हे ऐकताना मला एक जुना कारकून आठवला. मी पूर्वी ज्या महाविद्यालयात होतो, तिथून त्याला पाच दिवस संगणक शिकायला धाडले होते. पोरगा हुशार. वही भरून टिपणे घेऊन, उत्साहाने परतला. दुसऱ्या दिवशी त्याला आवक-जावकच्या टेबलावर बसवले. संगणकाच्या खोलीची किल्ली दुसऱ्याकडेच राहिली. दोनदा त्याने विचारून पाहिले, मग विचारणे सोडले. वर्षभराने निकालपत्रके करायची वेळ आली, तेव्हा त्याचे हात अडखळू लागले.

'प्रशिक्षण देऊनही कामात प्रगती नाही' असा शेरा समितीने मारला. त्याखाली तीन सह्या आहेत. मधली माझी.