पाण्याखालचे गाव आणि पुस्तकातला इतिहास

पुणे-नाशिक महामार्गावरील मंचरनजीकच्या अवसरी खुर्द या गावी २००९ साली शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झाले. ग्रामीण भागात उच्च तंत्रशिक्षणाची अशी सोय व्हावी, ही समाधानाची गोष्ट होय. हे गाव ज्या तालुक्यात आहे त्याचे नाव आंबेगाव. परंतु ज्या गावावरून तालुक्याला हे नाव मिळाले ते मूळ आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. नाव मात्र पाण्याखालच्या गावाचे.

अभियंता होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला धरणाची उंची, साठवण आणि कालव्याची वहनक्षमता यांचे गणित शिकवले जाते. ते शिकवलेच पाहिजे. पण त्या पाण्याखाली कोणाची भातखाचरे गेली आणि ते पाणी कोणाच्या शेतात पोहोचले, हे त्याने कोणत्या तासाला शिकावयाचे? देशाचा इतिहास व साहित्य आपण कशासाठी शिकवतो, हा मोठा प्रश्न या लहान प्रश्नात दडलेला आहे.

दहावीनंतरची पोकळी

विज्ञान शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याचा इतिहासाशी असलेला संबंध बहुधा दहावीलाच संपतो. अकरावीत मराठीऐवजी दुसरा विषय घेण्याची मुभा असल्याने साहित्याचीही तीच गत होते. दोष केवळ पाठ्यपुस्तकाचा आहे, असेही म्हणता येत नाही. २०१८ पासून लागू झालेल्या दहावीच्या पुस्तकात इतिहासलेखनाच्या परंपरा, उपयोजित इतिहास, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन असे विचारप्रवर्तक विषय आले. तथापि परीक्षेच्या घाण्याला जुंपलेल्या वर्गात जतनाचे उपायसुद्धा पाठच केले जातात! राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीच्या अभ्यासक्रमांत भारतीय ज्ञानपरंपरेला स्थान मिळाले. त्याचीही जर टिपणवहीच व्हावयाची असेल, तर आणखी एका विषयाची भर पडली, एवढेच म्हणावे लागेल.

वास्तविक या परिसरातील शिक्षकाला साधनांचा दुष्काळ नाही. शेजारच्या जुन्नर तालुक्यात शिवनेरी आहे. ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत त्याचा समावेश झाला. जुन्नरच्या लेण्यांतील एक शिलालेख सांगतो की, धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. अन्य लेखांत दान देणाऱ्या यवनांची नावे आढळतात. नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिच्याशी निगडित लेख असून त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाईंची व कार्षापणांची मोजदाद आहे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीसाठी होता, असे मानले जाते. व्यापारी संघटना, चलन, कर, परदेशी संबंध, अंकलेखन असे किती धडे या एका वाटेवर उघडे पडले आहेत! बँकेत व कचेरीत काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यालाही त्यांत रस वाटावा.

साहित्याचेही तसेच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा सर्वत्र आनंद झाला. ज्या प्राकृताशी मराठीचे नाते सांगितले जाते, तिचा एक प्राचीन पुरावा नाणेघाटाच्या भिंतीवर आहे. संत तुकारामांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी परंपरेनुसार ओतूरला आहे. तमाशाचे माहेरघर म्हटले जाणारे नारायणगाव महामार्गावरच लागते. विठाबाई नारायणगावकर तेथल्याच. गावोगावचे पुढारी यात्रेसाठी सुपारी द्यायला येथल्या राहुट्यांत येतात. लावणीला साहित्याच्या पेपरात जागा असते. ती गाऊन पोट भरणाऱ्यांच्या हिशेबाला नसते.

जुनीच शिकवण

स्वतःच्या भूमीपासून आरंभ करावा, हा विचार नवा नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात मोडी, बालबोध व हिशेब यांच्याबरोबरच सामान्य इतिहास, भूगोल आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, अशी मागणी केली होती. शेतकऱ्याच्या मुलाला हिशेब हवा, तसा इतिहासही हवा, हे त्यांनी ओळखले होते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरांतील दप्तरे मिळवीत राहिले, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाची साधने उजेडात आली.

अशाने दृष्टी संकुचित होईल, असा आक्षेप घेतला जातो. पण नाणेघाटाची वाट कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे आणि तेथून समुद्रापलीकडे जाते. आपल्या गावाचा दगड ज्याला वाचता येतो त्याला जग परके राहत नाही. वेळ नाही, हा दुसरा आक्षेप. त्यासाठी नवा पेपर कशाला हवा? विद्यार्थ्याने वर्षातून एक शिलालेख प्रत्यक्ष पाहावा, धरणात जमीन गेलेल्या एका वृद्धाची हकीकत त्याच्याच शब्दांत लिहून आणावी आणि शिक्षकाने तिला प्रात्यक्षिकाइतके गुण द्यावेत, एवढे पुरे आहे.

३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातील माळीण हे आदिवासी गाव डोंगर कोसळून गाडले गेले. सुमारे दीडशे माणसे दगावली. पुढे नवे गाव वसवण्यात आले. अशा गावाचा आराखडा अभियंताच काढतो. भिंतीची जाडी त्याला पुस्तक सांगेल. परंतु उतारावर पडकई करून, म्हणजे एकमेकांच्या श्रमाने बांध घालून, भातखाचरे उभी करणाऱ्या माणसाला घरापुढे किती अंगण लागते आणि देव कोणत्या दिशेला लागतो, हे त्या माणसाची गोष्ट ऐकल्यावाचून कळणार नाही. ती ऐकण्याची सवय लावणे हेच इतिहासाच्या आणि साहित्याच्या शिक्षकाचे काम आहे. ते वेळीच झाले नाही, तर आंबेगावासारखी गावे दुसऱ्यांदा बुडतील. आणि या वेळी ती विस्मरणात बुडतील.