संस्थेची योजना आणि गावाचा आराखडा

समाजकार्य करणाऱ्या संस्थांची आपल्याकडे वानवा नाही. एकाच गावात शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, दूध सोसायटी, महिला बचत गट आणि वर्षातून सात दिवस एखाद्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, असे सारेच आपापल्या परीने झटत असतात. प्रत्येकाची योजना वेगळी, अहवालही वेगळा. गावाचा प्रश्न मात्र असा वाटून दिलेला नसतो. बालकांच्या कुपोषणाचेच उदाहरण घ्या. त्याची मुळे पिण्याच्या पाण्यात, आईच्या मजुरीत, लग्नाच्या वयात आणि जातीच्या भिंतीतही असतात. हा प्रश्न कोणा एका संस्थेच्या योजनेत कसा मावणार? म्हणूनच संस्थेने आपली योजना गावाच्या एकूण विचाराशी कशी जुळवावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचे एक चांगले उत्तर महाराष्ट्रातच सापडते.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. संस्थेचे उद्दिष्ट आरोग्याचे होते. पण ते दिवस दुष्काळाचे होते आणि लोकांना औषधाच्या आधी पाणी आणि अन्न हवे होते. संस्थेने ही मागणी 'आपले काम नव्हे' म्हणून दूर सारली नाही. खोल विंधन विहिरी घेतल्या गेल्या, मुलांसाठी सामूहिक स्वयंपाक सुरू झाले. हातपंप शक्यतो दलित वस्तीत बसतील असे पाहिले गेले. साहजिकच पाण्यासाठी साऱ्या गावाला त्या वस्तीत यावे लागले. शुद्ध पाण्याने जुलाबासारखे रोग कमी होतात. म्हणजे लोकांची मागणी पुरी करताना संस्थेचे मूळ उद्दिष्टही साधत होते आणि शिवाशिवीलाही धक्का बसत होता.

दुसरी गोष्ट मनुष्यबळाची. आरंभी प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत ठेवण्याचा प्रयत्न झाला, परंतु तो टिकला नाही. तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकवण्याचा मार्ग पत्करला गेला. त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या, कित्येकजणी दलित होत्या. पण बाळंतपण, मुलांचा आहार, लसीकरण हे विषय त्यांनी घरोघर नेले. शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. संस्थेच्या नोंदींप्रमाणे १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे १७६ असलेले अर्भकमृत्यूचे प्रमाण १९९६ पर्यंत २६ वर आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आलेली 'आशा' कार्यकर्तीही त्याच गावातली, समाजानेच निवडलेली स्त्री असावी अशी अपेक्षा ठेवली गेली.

या उदाहरणातून तीन गोष्टी ध्यानात येतात. योजना कागदावर उतरण्यापूर्वी गावाला विचारले पाहिजे. गावाच्या गरजांपैकी आपल्याला पेलेल तो वाटा उचलला पाहिजे आणि बाकीचा कोण उचलणार हे त्यांच्याशी बोलून ठरवले पाहिजे. तिसरे असे की, यशाचे माप गावाचे असावे. किती व्याख्याने दिली हे संस्थेचे माप झाले. किती बालके जगली हे गावाचे.

या मापाने आपल्याच शिबिरांकडे पाहावे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करावे अशी अपेक्षा आहे. एका तुकडीत शंभर विद्यार्थी धरले तर हे २४,००० तास होतात. ही शक्ती थोडी नव्हे! पण शिबिरे बहुधा हिवाळ्यात भरतात. तेव्हा लावलेली रोपे पाणी घालायला कोणी नसेल तर उन्हाळ्यात वाळून जातात. रोपे लावल्याची नोंद अहवालात राहते, सावली मात्र गावाला मिळत नाही.

वास्तविक गावाचा विचार जाणून घेण्याची सोय आता कायद्याने झालेली आहे. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, आणि २०१५-१६ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमाखाली महाराष्ट्रातील ग्रामपंचायती आपले विकास आराखडे तयार करू लागल्या. शिबिराचे गाव ठरताच विद्यार्थ्यांनी तो आराखडा वाचावा, ग्रामसभेला बसावे, अंगणवाडीताई आणि आशाताई यांना भेटावे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पाणी आणि मजुरीची पाहणी करावी, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी शाळा सोडलेल्या मुलींची. आणि ती पाहणी ग्रामसभेपुढे मांडावी. गाव दरवर्षी बदलण्याऐवजी तीन वर्षे एकच ठेवावे, म्हणजे पहिल्या तुकडीच्या नोंदी दुसरीच्या उपयोगी पडतील.

अर्थात गावाचा आराखडा म्हणजे वेदवाक्य नव्हे. तो करताना भूमिहीनांचे, स्त्रियांचे म्हणणे ऐकलेच गेले असेल असे नाही. तसे नसेल तर ते ऐकवणे हेही संस्थेचेच काम आहे. हातपंप कोणत्या वस्तीत बसवायचा, हा प्रश्न जामखेडात जितका मोलाचा होता तितकाच तो आपण जाऊ त्या प्रत्येक गावात असतो.