छंद जपा, कानही जपा

गाण्याचा आणि फोटोग्राफीचा असे दोन्ही छंद असलेले काही रुग्ण कानात शिट्टी वाजते म्हणून येतात. विसर्जन मिरवणुकीत ही मंडळी फोटोसाठी ध्वनिवर्धकांच्या भिंतीला खेटून उभी राहतात (मग झूम लेन्स घेतली कशाला?) आणि घरी येऊन पुन्हा हेडफोन लावतात. अंतर्कर्णातील नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तास ऐकलेला चालतो. ९० डेसिबल मात्र ४ तासच. मिरवणुकीत कानात फोमचे बोळे घालावेत, कापूस पुरत नाही. शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली किंवा अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर तेल घालत बसू नये. लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.