डबा कुठे? १९ अंश, ७ मिनिटं उत्तरेला!

अंधेरीहून बोरिवलीची लोकल पकडली, की आपण किती मिनिटं उत्तरेला जातो? घड्याळाची नाही हं, पृथ्वीची मिनिटं विचारतोय! उत्तर आहे, साडेसहा.

अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले की प्रत्येक भागाला मिनिट म्हणतात. एक मिनिट म्हणजे जमिनीवर साधारण १.८५ किलोमीटर. अंधेरी स्टेशन आहे १९ अंश ७.२ मिनिटांवर, जोगेश्वरी ८.२ वर आणि बोरिवली १३.७ च्या आसपास. आता या मिनिटाचेही हजार तुकडे करा. एक तुकडा दोन मीटरही भरत नाही! म्हणजे दशांशचिन्हानंतर तीन आकडे दिले, तर कुणीही तुम्हाला थेट एखाद्या झाडाच्या बुंध्याशी नेऊन उभं करेल.

जिओकॅशिंग हा खेळ एवढ्या आकड्यांवरच चालतो. कुणीतरी डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि बाकीचे शोधत येतात. डबा सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं. आतली छोटीशी वस्तू घेतली, तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. मग डबा होता तिथेच परत! खाऊ मात्र आत ठेवायचा नाही, नाहीतर पहिला शोधकर्ता उंदीर असेल.

हा खेळ सुरू कसा झाला? आधी जीपीएसचे नेमके संकेत फक्त अमेरिकी सैन्याला मिळत. बाकीच्यांना मुद्दाम गोंधळवलेले संकेत मिळायचे, त्यामुळे शंभरेक मीटरची चूक ठरलेलीच. २ मे २००० ला अमेरिकेने हा गोंधळ बंद केला. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने जंगलात एक बादली लपवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत पुस्तकं होती, गलोल होती आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबाही होता. (दाणे का, ते त्यालाच ठाऊक!)

पण फोनला जागा कळते कशी? डोक्यावर सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. प्रत्येकात अतिशय काटेकोर घड्याळ असतं. उपग्रह सतत सांगतो, ‘मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत.’ निरोप पोचायला किती वेळ लागला, यावरून फोन अंतर काढतो. असे चार उपग्रह मिळाले की हिशेब पक्का. इथे सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरने चुकतं! आणि गंमत म्हणजे वरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज किंचित पुढे धावतात. ती का धावतात, ते आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून कळतं. ती दुरुस्ती केली नाही, तर रोज दहाएक किलोमीटरची चूक साठत जाईल. अंधेरीतला डबा उद्या कांदिवलीत दिसेल आणि परवा थेट भाईंदरच्या बाजूला!

आता जिओकॅशिंगचा नकाशा उघडा. हिरवी खूण म्हणजे साधा डबा, आकडे देतात तिथेच असणारा. निळं प्रश्नचिन्ह म्हणजे आधी कोडं सोडवा. प्रत्येक डब्याला १ ते ५ असे दोन गुण असतात, एक शोधायला किती अवघड त्याचा, दुसरा वाट किती बिकट त्याचा. सुरुवात दोन्हीकडे दीडच्या आत असलेल्यापासून करावी. पाचाचा मोह नको, तिथे दोरसुद्धा लागू शकतो.

बर्फाळ देशांतली मुलं हिवाळ्यात एक खास चिन्ह शोधतात, हिमकणाचं. ते असलं की डबा बर्फाखाली गाडला जात नाही. आपल्याकडे मुंबईची थंडी ती केवढी! सांताक्रूझच्या वेधशाळेतला नीचांक आहे ७.४ अंश सेल्सिअस, तोही २२ जानेवारी १९६२ चा. आपला खरा शत्रू पाऊस. जून ते सप्टेंबर भिजून वहीचा लगदा होतो, डबा नाल्यात वाहून जातो, उरलेल्यावर गवत माजतं. म्हणून माझ्या मते गुणांपेक्षाही आधी तारीख बघावी. सापडला की लोक पिवळा हसरा चेहरा टाकतात, नाही सापडला की निळा रडका. शेवटचा हसरा चेहरा दिवाळीनंतरचा असेल, तर खुशाल निघा. जूनपासून ओळीने रडकेच असतील, तर तो डबा बहुधा अरबी समुद्रात पोचला असेल.

थंडीतल्या सकाळच्या धुरक्याची काळजी नको, रेडिओलहरी त्यातून आरपार येतात. घोटाळा करतात ते टॉवर. उपग्रहाचा निरोप काचेच्या भिंतीवर आपटून येतो, लांबचा रस्ता घेतो आणि फोन फसतो. फोनवरचा बाण नाचायला लागला की मोकळ्या जागी जाऊन थांबा. डिसेंबरात सहा वाजून गेले की सूर्य मावळतो, तेव्हा दुपारीच निघा, मोठ्यांना घेऊन. सोसायटीचे वॉचमनकाका ‘काय शोधताय रे?’ विचारणारच. खरं ते सांगून टाका.

आणखी एक गोष्ट. स्टेशनवर ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही घोषणा आपण रोज ऐकतो. स्टेशन, मेट्रो, विमानतळ यांच्या आसपास अनोळखी डबा दिसला, तर तो खेळ समजायचा नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही परवानगीशिवाय काही लपवायचं नाही. तिथे बिबटे राहतात, पायवाट सोडायची नाही. आणि सोमवारी उद्यान बंद असतं बरं का!

म्हणून मला वाटतं, आपल्या शहराला सगळ्यात शोभतो तो बिनडब्याचा प्रकार, अर्थकॅश. २००४ मध्ये अमेरिकेतल्या भूवैज्ञानिकांच्या संस्थेने तो सुरू केला. आकड्यांच्या जागी जायचं, तिथले खडक निरखायचे आणि प्रश्नांची उत्तरं पाठवायची. पावसात वाहून जाण्याजोगं काही नसतंच! अंधेरी पश्चिमेला, भवन्स कॉलेजजवळ गिल्बर्ट हिल आहे. ६१ मीटर उंच, काळ्या बेसॉल्टच्या खांबांची उभी टेकडी, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं जुनी. लाव्हा निवताना आक्रसला, त्याला तडे गेले आणि असे खांब तयार झाले. तुमच्या नकाशावर तिथे खूण नसली तरी चालेल, प्रश्न आपणच काढू. खांबांना कडा किती? सगळे सरळ उभे आहेत की कुठे वाकलेत? खोदलेल्या पायऱ्यांनी वर देवळापाशी पोचलात, की खाली उपनगर पसरलेलं दिसेल.

आता घाटकोपर-मुलुंडकरांसाठी कोडं. घाटकोपर स्टेशन अंधेरीच्या पूर्वेला रेखांशाची ३.७ मिनिटं आहे. मग ते किती किलोमीटर? १.८५ ने गुणाल तर फसाल! रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, त्यामुळे मुंबईत रेखांशाचं मिनिट १.७५ किलोमीटरचंच भरतं. करा गुणाकार. उत्तर साडेसहाच्या जवळ आलं पाहिजे.