कळसूबाई व हरिश्चंद्रगड : अवघड कोणता?

दोन डोंगरांपैकीं चढावयास अवघड कोणता, असा प्रश्न निघाला, कीं घरांतील मंडळी प्रथम दोहोंच्या उंचीचे आंकडे ताडून पाहतात. कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर, म्हणजे सुमारें ५,४०० फूट उंच. महाराष्ट्रांत त्याहून उंच स्थान नाहीं. हरिश्चंद्रगड १,४२४ मीटरांचा. तेव्हां कळसूबाई अवघड व गड सोपा, असा निकाल लागलीच देण्यांत येतो. पायांस मात्र हा निकाल नेहमींच मान्य होतो असें नाहीं.

शिखराची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात. चालणारा पायथ्याच्या गांवापासून चढत असतो. १८९२ सालीं विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानें एक साधा हिशेब घालून दिला : दर तीन मैलांस एक तास, आणि दर दोन हजार फूट चढणीस आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा व विश्रांतीवांचूनचा आहे. शहरवासी कुटुंबानें त्यांत सढळ हातानें भर घातली पाहिजे. शिवाय वाट चुकणें, निसरडा खडक व ऊन यांस या हिशेबांत जागाच नाहीं.

कळसूबाईस बहुतेक लोक बारी गांवाकडून जातात. चढ सलग व दमविणारा. परंतु वाट मळलेली, कड्यांच्या ठिकाणीं लोखंडी शिड्या बसविलेल्या, आणि देवीच्या दर्शनास जाणाऱ्यांचा राबता. येथें कसोटी लागते ती दमाची व गुडघ्यांची. तीन-चार तासांत माथा गांठतां येतो. सावली थोडी, म्हणून उन्हाळ्यांत पहाटेसच निघावें. पावसांत ओल्या शिडीवर घाई करूं नये.

हरिश्चंद्रगडाची गोष्ट निराळी. उत्तरेकडील पाचनईहून दोन-तीन तासांत हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशीं पोंचतां येतें. खिरेश्वराकडून टोलार खिंडीनें गेल्यास मात्र खिंडीवर उभ्या खडकाचा टप्पा लागतो, आणि पुढें झाडींतून टेकड्यांची चढउतार कांहीं केल्या संपत नाहीं. या वाटेस चार-पांच तास हवेत. धुक्यांत एक टेकडी दुसरीसारखी दिसते, पायवाटा फुटतात. कोंकणांतील बेलपाड्याहून येणारी नळीची वाट तर सरावलेल्या गिर्यारोहकांनींच धरावी.

म्हणजे पाचनईकडून गड सोपा, कळसूबाई त्याहून कष्टाची, आणि सातशें फूट ठेंगणा असूनही खिरेश्वराकडून तोच गड अधिक अवघड. कळसूबाईवर दमलेला माणूस घटकाभर बसून पुन्हां चालूं लागतो. रानांत वाट चुकलेल्यास बसावयास सवड नसते, कारण सूर्य त्याच्यासाठीं थांबत नाहीं.

म्हणून मुलांमाणसांसह निघणाऱ्यानें माहितगार वाटाड्या सोबत घ्यावा, पाणी पुरेसें बांधावें, आणि परत फिरण्याची वेळ घरींच ठरवावी. माथा समोर दिसत असतांही ती वेळ पाळणें, हीच सर्वांत अवघड चढण होय.