पॉलिश पेपरवरचा आकडा काय सांगतो?

आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक मुलगा बारावीनंतर डेंटिंग-पेंटिंगचं काम शिकतोय. मागच्या महिन्यात भेटला तेव्हा चेहरा पडलेला होता. त्याने घासून तयार केलेला गाडीचा दरवाजा रंग मारल्यावर आरशासारखा दिसत होता. पण पंधरा दिवसांनी रंगाखालून बारीक रेघा वर आल्या आणि गाडी परत आली. दरवाजा पुन्हा करावा लागला, याचे दोन दिवसांचे पैसे कापले गेले. "बाई, ८० नंतर ४०० नंबर चांगला दाबून घासला होता मी," तो म्हणाला. चूक नेमकी तिथेच होती. म्हणून आज पॉलिश पेपर, म्हणजेच सँडपेपर, कसा निवडायचा ते पाहू.

आकडा मोठा, कण बारीक

पेपरच्या पाठीवर पी ८०, पी १८०, पी ४०० असं छापलेलं असतं. मुलांना वाटतं, ४०० म्हणजे जास्त खरखरीत. खरं तर उलट आहे. हा आकडा चाळणीवरून आला. एक इंचात जितकी जास्त भोकं, तितकं प्रत्येक भोक लहान आणि त्यातून पडणारा कण बारीक.

पी ८० चा कण सरासरी २०० मायक्रॉन, म्हणजे ०.२ मिलिमीटर असतो. पी ४०० चा फक्त ३५ मायक्रॉन. गाडीवरच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. म्हणजे ८० नंबरचा एक कण अख्ख्या रंगापेक्षा मोठा! त्याने पाडलेली रेघ रंगाने कशी झाकणार? सुरुवातीला झाकल्यासारखी वाटते. पुढे रंग आणि प्रायमर वाळून आक्रसतात आणि ती वर दिसू लागते.

'पी' हे अक्षरही बघून घ्यावं. ते युरोपीय मोजमापाचं आहे. अमेरिकन पद्धतीत पी नसतो आणि तिथला ४०० नंबर पी ६०० आणि पी ८०० यांच्या मध्ये बसतो.

कोणत्या कामाला कोणता नंबर?

१. वाळलेल्या पुट्टीला आकार देणे : पी ८०
२. ८० च्या रेघा काढणे : पी १२०, मग पी १८०
३. पुट्टीची कड बाजूच्या रंगाशी सपाट मिळवणे : पी २४०, मग पी ३२०
४. प्रायमर घासणे : सुका असेल तर पी ४०० ते ५००, पाण्याने घासायचा असेल तर पी ६०० ते ८००

लक्षात ठेवायची गोष्ट एकच. पुढच्या पेपरचं काम मागच्या पेपरच्या रेघा पुसण्याचं असतं. म्हणून एका वेळी शंभराच्या आसपासच पुढे जावं. ८० वरून थेट ४०० वर गेलं, की बारीक कण खोल रेघांचे फक्त काठ गुळगुळीत करतात. तळ तसाच राहतो.

सुका की पाण्याचा?

पुट्टीमध्ये पॉलिएस्टर रेझिन आणि टाल्कची पूड असते. ती पाणी शोषते. ते पाणी पत्र्यापर्यंत गेलं की गंज धरतो आणि रंगाला फोड येतात. म्हणून पुट्टी नेहमी सुकीच घासावी. काळा वॉटर पेपर प्रायमरसाठी ठेवावा.

चांगला पेपर कसा ओळखावा?

सुक्या कामाच्या चांगल्या पेपरवर बहुधा पांढरट, साबणासारखा थर असतो. त्यामुळे पुट्टीची पूड कणांमध्ये चिकटून बसत नाही. पेपर दुमडून पाहा. कण झडत असतील तर घेऊ नका. कण एकसारखे हवेत, कारण एखादा मोठा कण मध्येच असला तर तोच खोल ओरखडा पाडतो. स्वस्त पेपर लवकर भरतो, मग माणूस जोर लावतो आणि पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा होतो. पेपर नुसत्या बोटांनी न धरता रबरी किंवा लाकडी ठोकळ्यावर गुंडाळावा. आणि तोंडाला धुळीचा मास्क हवाच. ही पूड छातीत जाते.

वर्गात करून पाहा

लाकडी फळीचा तुकडा ८० नंबरने घासा आणि त्यावर पेन्सिलची काळी पूड चोळा. मग फळीचा अर्धा भाग थेट ४०० ने घासू द्या. उरलेला अर्धा १२०, १८०, २४०, ३२० आणि शेवटी ४०० ने. प्रत्येक नंबरच्या आधी पूड पुन्हा चोळायची. पहिल्या भागात काळ्या रेघा उरतात, दुसऱ्यात जातात. पेंटर लोकही प्रायमरवर अशीच काळी पूड किंवा काळा फवारा मारतात. राहिलेला काळा डाग म्हणजे राहिलेलं काम.

त्या मुलालाही मी हेच करून दाखवलं. फळीकडे बघत तो म्हणाला, "बाई, आता पेपर बदलायच्या आधी पूड चोळून बघीन." पुढच्या दरवाज्याचे पैसे कापले जाणार नाहीत अशी आशा करू या.